मानेतले चार दाणे

वैशाली नगर, भिलाई
१८ जून २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

काल फोनवर मी घसा फुटेपर्यंत ओरडले आणि तू प्रत्येक वेळी लोणचं पोचल्याचंच सांगत राहिलीस. तुझं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन येईपर्यंत फोन करण्यात अर्थ नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र पवनीला पोचायला आठवडा जाईल याचाही राग येतो आहे, पण तो कुणावर काढू?

आईच्या गळ्याची गाठ वाढली आहे. सुई घालून तपासणी केली, अहवाल संशयाचा आला. पूर्ण थायरॉइड काढावी लागेल म्हणतात. नऊ जुलैची तारीख मिळाली आहे.

गाठ काढायचीच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला भीती वेगळीच आहे. थायरॉइडच्या मागच्या बाजूला चार बारीक ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. नाव सारखं असलं तरी त्यांचं काम निराळं: रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. आकार मसुरीच्या दाण्याएवढा आणि रंग आजूबाजूच्या चरबीसारखा. थायरॉइड काढताना त्या ओळखायच्या आणि त्यांची केसासारखी रक्तवाहिनी न तोडता जागच्या जागी ठेवायच्या. चारही गेल्या तर हातापायांना मुंग्या, पेटके, झटके, आणि जन्मभर गोळ्या.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर दामिनी दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या आहेत. बोलतात हिंदीत, पण चिडल्या की मराठी निघते. माझ्याशी त्या पहिल्या दोन मिनिटांतच मराठीवर आल्या.

मी विचारलं, "मॅडम, चारही वाचतील का?"

"कोशिश पूरी रहेगी."

"कोशिश म्हणजे किती टक्के?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, मी त्या शोधणार, एकेकीचा रक्तपुरवठा जपणार. एखादी काळी पडली तर तिचे तुकडे करून मानेच्या स्नायूत पेरणार. तिथे ती बहुतेक वेळा रुजते. याहून जास्त वचन कुणी दिलं तर त्याच्याकडे जाऊ नका."

"पण एक कॅमेरा असतो ना, त्याच्या किरणांत त्या ग्रंथी आपोआप चमकतात?"

"आमच्याकडे नाही."

"मग ओळखणार कशा?"

"इतकी वर्षं ओळखल्या तशा. डोळ्यांनी."

आत्या, हथखोजच्या कारखान्यात मी दिवसभर रेल्वेचे बोल्ट तपासते. मापाचं गेज लावल्याशिवाय एक बोल्ट पास करत नाही, लोक मला हसतात तरी. आणि आईची मान नुसत्या डोळ्यांनी?

मी म्हटलं, तो कॅमेरा जिथे असेल तिथे जाऊ, मुंबई तर मुंबई. बाबा म्हणाले, "आपली गाडी आपल्या यार्डातून सुटून राहिली, तर दुसऱ्या यार्डात कावून न्यायची?" चरोद्याच्या रेल्वे यार्डात आयुष्य गेलं, दुसरी उपमाच सुचत नाही त्यांना. आई तर हसतच होती. तू बाबांना चार शब्द लिही. तुझं ते ऐकतात.

तुझी
कीर्ती

पवनी
२५ जून २०२४

प्रिय कीर्ती,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची चूक एकही नाही, पण मधे श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाहीस. ओसरीवर बसवून तुला अक्षरं शिकवली तेव्हाही तू पाटी भरली की कडेवर लिहायचीस.

चंपतला मी लिहिणार नाही. तुला राग येईल, येऊ दे. तो कॅमेरा चांगलाच असेल, पण कॅमेऱ्याने ग्रंथी दिसते, वाचवावी हातानेच लागते. तू त्या डॉक्टरीणबाईंना टक्के विचारलेस. त्यापेक्षा अशी ऑपरेशनं त्या वर्षभरात किती करतात, हे विचार. जी बाई हे काम नेहमी करते तिच्याकडे जावं, एवढं मला कळतं. आणि पोरी, विचारणं वेगळं आणि उलटतपासणी वेगळी. तुझ्यासमोर बसलेला माणूस बोल्ट नाही.

ऑपरेशनआधी यशोधरेचं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घेतलं का, तेही विचार. इथल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने मला हे सांगितलं.

यशोधरेला माझा निरोप सांग. यंदा आषाढ पौर्णिमेपासून मी पूर्ण वर्षावास अष्टशील पाळणार आहे, रोज, दुपारनंतर अन्न नाही. दरवेळी पौर्णिमा-अमावास्येपुरतं जमायचं, यंदा तिन्ही महिने करीन म्हणते. विहारात बसले की तिच्यासाठी मंगल मैत्री करीन. तिने मन घट्ट ठेवावं.

कानाचं यंत्र भंडाऱ्याला दिलं आहे. दुकानदार रोज उद्या म्हणतो.

तुझी
आत्या

वैशाली नगर, भिलाई
१३ जुलै २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

ऑपरेशन झालं. आई काल घरी आली. आवाज थोडा बसला आहे, पण बोलते. बोलायला नको सांगितलं आहे म्हणून जास्तच बोलते.

तुझे दोन्ही प्रश्न मी विचारले. ऑपरेशनं त्या आठवड्याला दोन-तीन करतात. ड जीवनसत्त्व कमी निघालं, ते आधी भरून घेतलं. तेवढ्यापुरता तुझ्यावरचा राग कमी झाला.

आता मुख्य गोष्ट. बाहेर आल्यावर डॉक्टर दामिनी म्हणाल्या, "चारही सापडल्या. तीन जागेवर आहेत, रंग चांगला आहे. डाव्या खालचीचा रक्तपुरवठा गाठीलाच चिकटलेला होता. ती काळी पडली, म्हणून बारीक करून मानेच्या स्नायूत लावली."

मी विचारलं, "रंग चांगला म्हणजे त्या जिवंत आहेत, हे नक्की?"

"आज नक्की कुणीच सांगणार नाही. हात लागला की त्या काही आठवडे सुस्त पडतात. कॅल्शियम घसरेल, मग सावरेल. गोळ्या चालू ठेवा."

आत्या, कारखान्यात कुणी मला म्हणालं की तीन बोल्टचा रंग चांगला आहे आणि चौथा कुटून दुसरीकडे लावला आहे, तर मी तो माल फाटकाबाहेर जाऊ देईन का? हे मी बोलले नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं. त्या वळून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आईच्या ओठांभोवती मुंग्या आल्या. कॅल्शियम कमी निघालं, मग सलाईन, मग गोळ्या. आता पहाटे थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी आणि कॅल्शियमची सकाळ, दुपार, रात्र, जेवणानंतर. मी सकाळी निघते ती रात्री येते. म्हणून गोळ्यांचं खातं बाबांकडे दिलं आहे. ते काटेकोर आहेत, डॉक्टरांच्या कागदाला यार्डातल्या हुकमासारखं मानतात. पहिल्या दिवशी आईने गोळी आधी आणि पोळी नंतर मागितली तर म्हणाले, "ऑर्डर तशी नाही."

तुझा निरोप सांगितला. आई ताबडतोब म्हणाली, "मग मी भी पाळतो तिन्ही महिने. बाई तिकडं, मी इकडं." मी म्हटलं, हा नवस तर नाही ना? तर चिडली. "नवस कावून म्हणतं? मी काही मागून राहिली का कोणाले? शील हाये ते." मी वाद घातला नाही. उलट बरं वाटलं, गळ्यातून तिचं मन निघेल.

तुझी
कीर्ती

पवनी
२४ जुलै २०२४

प्रिय कीर्ती,
सप्रेम जयभीम.

तीन जागेवर, एक पेरलेली. मला हे पुरेसं वाटतं. तुलाही वाटायला हवं.

पौर्णिमेला विहारात सकाळपासून होते. पांढरं लुगडं नेसून यशोधराही तिकडे बसली असेल, असं सारखं मनात येत होतं. ऑपरेशन होऊन पंधरा दिवस नाहीत आणि तिने एवढं मनावर घेतलं. तिला माझी शाबासकी सांग. तिच्या जिद्दीला मी नेहमीच कमी लेखत आले.

तुझी
आत्या

वैशाली नगर, भिलाई
६ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

तुला पुरेसं वाटतं! मग हे वाच.

आईचं कॅल्शियम पडलं आहे. आधी सावरलं होतं. जुलैच्या मधल्या तपासणीत ठीक होतं, मी निर्धास्तही झाले होते. मग महिनाअखेरीला आईने सांगितलं की सायंकाळी बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. रक्त तपासलं, खाली. डोस वाढवला. पुन्हा तपासलं, आणखी खाली. चढायला हवं ते उतरतं आहे. याचा सरळ अर्थ मला एकच दिसतो, की जागेवर ठेवलेल्या त्या तीन ग्रंथी हळूहळू मरताहेत. त्यांचा रक्तपुरवठा तुटला असणार आणि मॅडमच्या डोळ्यांना तो दिसला नसणार.

हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं होत नाही सहसा. गोळ्या नीट घेताहेत?"

"घेताहेत."

"तिन्ही वेळा?"

"तुम्ही लिहिलंय अगदी तसंच. माझे वडील स्वतः देतात."

"तुम्ही बघितलंय?"

आत्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चूक त्यांच्या हातून व्हायची आणि हिशेब माझ्या बाबांचा? मी म्हटलं, "माझे वडील तीस वर्षं यार्डात होते, त्यांच्या हातून कधी एक डबा चुकीच्या रुळावर गेला नाही. तुम्ही तुमचं सांगा."

त्यांनी फक्त पॅराथायरॉइडच्या संप्रेरकाची तपासणी लिहून दिली. ती रायपूरला जाते. नमुना रस्त्यातच खराब झाला म्हणून परत मागवला आहे. एक गोष्ट तरी सरळ होईल का?

घरी आल्यावरही मी विचारलंच. "बाबा, मॅडमनं लिहिल्याप्रमाणेच देता ना?" बाबा म्हणाले, "अक्षर न् अक्षर." आईला विचारलं, तीही म्हणाली, "मॅडमनं सांगतलं तशीच घेतो मी." मग मला माझीच लाज वाटली. त्या बाईच्या नादी लागून मी घरच्यांवर संशय घेतला.

शेजारी दर दोन दिवसांनी नवा सल्ला देतात. कुणी तीळ, कुणी चुन्याची निवळी. एकीने विचारलं, "गळा कटवायचाच कशाला?" आई त्यांना चहा पाजते आणि हसते.

मी हॉस्पिटलच्या संचालकांना तक्रार लिहिली आहे. ऑपरेशनच्या वेळी ग्रंथींची पुरेशी काळजी घेतली गेली नाही, असं स्पष्ट लिहिलं. काल देऊन आले. तू आता म्हणशील, उलटतपासणी. म्हण.

कीर्ती

पवनी
११ ऑगस्ट २०२४

प्रिय कीर्ती,
सप्रेम जयभीम.

तुझ्या रागाबद्दल नंतर बोलू. आधी एक विचारते आणि त्याचं उत्तर यशोधरेकडून घे, तुझ्या डोक्यातून नको.

यशोधरा अष्टशील पाळते, म्हणजे दुपारनंतर जेवत नाही. मग जेवणानंतरच्या तीन वेळच्या गोळ्या ती कशा घेते?

हे माझ्या ध्यानात येण्याचं कारण सांगते. माझी रक्तदाबाची गोळी रात्री जेवणानंतरची आहे. वर्षावास सुरू झाला तसं पहिल्या दिवशी मी ती हातात घेऊन बसूनच राहिले, घ्यावी की नाही? दुसऱ्या सकाळी भंतेजींना विचारलं. ते हसले. म्हणाले, "औषध ते औषध, अन्न ते अन्न. औषधाला वेळेचं बंधन नाही." तेव्हापासून पाण्यासोबत घेते. पण मी विचारलं. यशोधरेने कुणाला विचारलं का?

तू मला ग्रंथींबद्दल पानंच्या पानं लिहिलीस. घरात रात्री ताटं किती मांडली जातात हे एका ओळीतही लिहिलं नाहीस.

माझा अंदाज चुकला तर मी तुझ्यासोबत त्या संचालकांकडे येईन. बहिरी म्हातारी सोबत असली की लोक लवकर ऐकतात.

तुझी
आत्या

वैशाली नगर, भिलाई
२० ऑगस्ट २०२४

आत्या,

तुझं पत्र सोळा तारखेला मिळालं. दोन दिवस उशिरा.

चौदाला दुपारी कारखान्यात बाबांचा फोन आला. "तुया आईचे हात वाकडे होऊन राहिले." मी पोचले तेव्हा आई खाटेवर बसली होती, दोन्ही हातांची बोटं जुळून पाखराच्या चोचीसारखी झालेली, उघडता उघडत नव्हती. तरी मला म्हणाली, "तू कावून आली काम सोडून?" हॉस्पिटलमध्ये नेलं. शिरेतून कॅल्शियम दिलं, थेंबाथेंबाने, छातीला तारा लावून, कारण घाईने गेलं तर हृदयाला धोका. डॉक्टर दामिनी स्वतः आल्या, माझी तक्रार त्यांच्या टेबलावर असताना. मी वॉर्डात सगळ्यांसमोर त्यांना म्हटलं, "तुम्ही माझ्या आईचा जन्म बिघडवला." त्या आईच्या बोटांकडे बघत राहिल्या.

मग सोळाला आईला घरी आणलं, तर तुझं पत्र आलेलं. ते हातात धरूनच मी विचारलं, "बाबा, आईला रात्रीची कॅल्शियमची गोळी देता ना?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"ते रात्री जेवते कुठं? कागदावर लिवलं हाये, जेवणानंतर. मॅडमनं दोनदा सांगतलं, खाली पोटी नाही. सिग्नलच नाही भेटला तर गाडी कशी सोडू मी?"

"आणि सकाळची?"

"सकाळी काळा चहा घेते ते. चहा म्हंजे जेवण हाये का?"

डोस वाढवला होता, आत्या. दर वेळच्या दोन गोळ्यांच्या तीन झाल्या. बाबा दुपारी तीन देत होते. सकाळी आणि रात्री शून्य. हॉस्पिटलात सिस्टर देत होत्या तेव्हा ठीक होतं, घरी वर्षावास लागेपर्यंत ठीक होतं. पौर्णिमेपासून आकडा उतरत गेला आणि मी ग्रंथींचं सुतक धरून बसले.

आई म्हणाली, "आवो, ते गोळी संत्र्यासारखी गोड लागते. चघळाची हाये. सांजच्याले असं गोड चघळणं म्हंजे खाणंच झालं ना?"

"मी रोज विचारत होते आई!"

"तू इचारे, मॅडमनं सांगतलं तशी घेतली का? मी म्हणो, तशीच घेतली. खोटं नाही बोलली बाप्पा. शील घेतलं हाये."

दोघांनाही आपण जराही चुकलो नाही याची खात्री! मी भांडं आपटलं. मग बाहेर पायरीवर बसून रडले. आणि खरं सांगते, तुझाही राग आला. तुझा तो तीन महिन्यांचा निरोप, तुझी ती शाबासकी. दोन्ही मीच तिला वाचून दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दामिनींकडे गेले. सांगितलं. त्यांनी आईची फाइल पुढे ओढली.

"म्हणजे मी इकडे डोस वाढवत होते, आणि तिकडे..."

"हो मॅडम."

"मी तुम्हाला विचारलं होतं, तिन्ही वेळा का म्हणून."

"हो."

"त्या डाव्या बाजूच्या एका ग्रंथीसाठी मी किती वेळ घालवला, माहीत आहे? भूल देणारे डॉक्टर घड्याळ दाखवत होते मला." मग त्यांचा आवाज उतरला. "जेवता किती वेळा, हे मीही विचारलं नाही. इथे कुणाचा रोजा असतो, कुणाचा उपास, मला माहीत नाही का? तक्रारीचं तुम्हाला काय करायचं ते करा. आधी त्यांना रात्री जेवू घाला."

आणि आता तेच होत नाही. आई म्हणते, आश्विन पौर्णिमेलाच सोडीन. तुझं भंतेजींचं वाक्य वाचून दाखवलं, तर म्हणते गोळी घेईन, अन्न नाही. पण ही गोळी उपाशी पोटी अंगाला लागत नाही. रिकाम्या पोटी चालणारी दुसरी दिली, ती तिने दोनदा ओकून टाकली. बाबा म्हणतात, मोठ्या बहिणीनंच सांगावं. आकडा अजून काठावर आहे. पुन्हा हात वळले तर? या वेळी झटका आला तर?

तूच तिला या वाटेवर नेलंस. तूच तिला लिही.

कीर्ती

पवनी
२५ ऑगस्ट २०२४

यशोधरा,
सप्रेम जयभीम.

हे पत्र तुला आहे, कीर्तीने वाचून दाखवावं आणि मधे बोलू नये.

आजारी माणसाने अष्टशील उतरवून पंचशिलावर राहावं, यात कमीपणा नाही. पाच शीलं कुठे गेली नाहीत. आपण बौद्ध झालो ते डोकं वापरायला. देहाला छळून काही मिळत नाही, हे आपल्या धम्माचं पहिलंच पान आहे. तू आज रात्रीपासून जेवायचंस. मोठी नणंद म्हणून सांगते, आणि हा हुकूम समज. नाहीतर मी बहिरी असले तरी गाडीत बसून येईन आणि तुझ्या समोर ताट घेऊन बसेन.

कांता

वैशाली नगर, भिलाई
३ सप्टेंबर २०२४

बाईले यशोधराचा सप्रेम जयभीम.

(आई सांगते आहे, मी लिहिते आहे. तिची अट अशी की भाषा सुधारायची नाही. – कीर्ती)

बाई, तुमचा हुकूम भेटला. पण तो येवाच्या तीन दिवस आंधीच मी विहारात जाऊन आली होती. कोणाले नाही सांगतलं, एकटीच गेली आटोत बसून. भंतेजीले म्हटलं, मले जमून नाही राहिलं, शरीर साथ नाही देऊन राहिलं. ते म्हणाले, पंचशील घ्या. घेतलं. घरी आली अन् सांजच्याले पोळी केली. हे तुमची भाची हथखोजहून आली तं ताटाकडे अशी पाहे जसं ताटात साप बसला हाये.

(मी तशी बघत नव्हते.)

आता मायं बोलणं ऐका. गळा माया होता ना? पण तीन महिने बोलून राहिले सगळे दुसरेच. मॅडम बोले ते पोरीसंग. पोरगी लिहे ते तुमाले. तुमी लिहा ते पोरीले. यायले, कीर्तीच्या बाबाले, सिग्नल पाहिजे. किती दाणे वाचले, काळा कोणता पडला, कॅमेरा हाये का नाही, सारं मायाच मानेवरून. मले कोणी इचारलं का, यशोधरा, तुले भेव लागते का? मले लय भेव लागे बाई. रात्री झोपली की वाटे, सकाळी हात उघडतात का नाही. मंग वर्षावास लागला. तेवढं एक माया हाताचं होतं. त्यात कोणाची तपासणी नाही, कोणाची सही नाही. म्हणून सोडवत नव्हतं. तुमच्या शाबासकीसाठी नाही.

(इथे मी थांबले होते. आई म्हणाली, रडाचं तं उठून रड, कागद ओला करू नको.)

रायपूरचा रिपोट आला. मॅडम म्हणते, दाणे जित्ते हायेत. झोपले होते, आता डोळे उघडून राहिले. आकडा अजून कमी हाये पण वर चढून राहिला. गोळ्या हळूहळू कमी करन म्हणते, कधी ते आत्ताच नाही सांगत. कीर्तीनं लगेच इचारलं, नक्की का? मॅडमनं असं पाहिलं तिच्याकडे का मीच हात धरून बाहेर घेऊन आली तिले.

तक्रार परत घेतली हिनं. मॅडमसमोर उभी राहिली अन् तक्रार परत घेतल्याचा कागदच पुढं करून राहिली. शेवटी मीच म्हटलं, मॅडम, हे बोल्ट तपासते, माणसं तपासाची सवय नाही हिले. मॅडम पहिल्यांदा हासली.

यायले सांगतलं, आता कागद नका पाहू, माया तोंडाकडे पाहा. ते म्हणतात, तोंडावर कुठं लिवलं राहते? शिकतील.

बाई, तुमी तुमचा वर्षावास पूरा करा. तुमची तब्बेत हाये तं करा, पण मले हुकूम नका धाडू. याचं असन तं या, ताट नका आणू, ताटं हायेत इथं.

अजून लय सांगाचं होतं, पण पुरे. सांज झाली, कीर्तीचा हात भी दुखत असन, अन् मले भूक लागली.

यशोधरा